प्रतिसादी मांडणी आणि पदांचा अन्वय

संकेतस्थळाची रचना हा केवळ तंत्रज्ञाचा विषय होय, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ईथन मार्कोट यांनी २०१० साली ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा निबंध प्रसिद्ध केला. छापील पृष्ठाची रुंदी मुद्रक ठरवितो. पडद्याची रुंदी मात्र वाचकाच्या हाती असते. म्हणून एकाच पृष्ठाने पडद्याच्या मापानुसार आपली मांडणी बदलावी, असे त्यांनी सुचविले. स्तंभांची रुंदी प्रमाणात सांगणे, चित्रे चौकटीबरोबर आक्रसू देणे आणि पडद्याच्या मापानुसार नियम बदलणे, ही या योजनेची तीन अंगे होत. मोबाइलवर वाचणाऱ्यास पृष्ठ डावी-उजवीकडे ओढावे लागत नाही, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. मार्कोट यांच्या नमुना-पृष्ठावर शेरलॉक होम्सच्या कथांतील पात्रांची चित्रे होती. ती एका ओळीत असोत वा दोन-दोनच्या ओळींत, अर्थास बाध येत नाही. व्याकरणातील उदाहरणाचे तसे नाही. ‘मुलाने आंबा खाल्ला’ या वाक्याखाली ‘तृतीया एकवचन’, ‘प्रथमा एकवचन’, ‘भूतकाळ, पुल्लिंगी एकवचन’ असे पदशः विश्लेषण दिले, तर पद व विश्लेषण यांचा संबंध केवळ त्यांच्या उभ्या रांगेने कळतो. अरुंद पडद्यावर खालची ओळ मोडली, की ‘प्रथमा’ हा शब्द ‘मुलाने’च्या खाली येऊन पडतो. कर्मणी प्रयोग दाखविण्यासाठी घेतलेले उदाहरण नवख्या विद्यार्थ्यास नेमके उलटे शिकविते. पृष्ठ सुबक दिसते; अन्वय मात्र नष्ट होतो.

प्रत्येक पद व त्याचे विश्लेषण यांची जोडी अखंड ठेवून ओळ दोन जोड्यांच्या मध्येच मोडावी, हा यावरील उपाय होय. वेब-सुगम्यतेच्या २०१८ मधील २.१ या मार्गदर्शक तत्त्वांतही, ज्या मजकुराचा अर्थ आडव्या-उभ्या मांडणीवरच अवलंबून आहे, तो या लवचिकतेच्या नियमातून वगळला आहे.

जोडी जुळवून देणे हे तंत्रज्ञाचे काम खरे. परंतु काय तुटू द्यायचे नाही, हे त्यास सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. आपले प्रबंध संकेतस्थळावर ठेवताना त्याचा विसर पडू नये.