गिरणीची भिंत

मुंबईच्या गिरणगांवांत जुन्या गिरण्यांच्या जागीं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जीं बांधकामें उभीं राहिलीं, त्यांविषयीं दोन मतें नेहमी कानीं येतात. एक पक्ष म्हणतो, शहर पुढें गेलें; धुराच्या जागीं कांचेचे मनोरे आले, यांत शोक करण्यासारखें काय आहे? दुसरा पक्ष म्हणतो, आमचा इतिहास पुसला गेला. निदान एखादी चिमणी तरी राखावयास हवी होती. दोन्ही पक्षांना खूष करणारी एक तोडहि अलीकडे निघाली आहे. मनोरा उभा करावयाचा, त्याच्या पायाशीं चिमणीहि ठेवावयाची, आणि रात्रीं तिच्यावर दिव्यांचा झोत सोडावयाचा. लोअर परळच्या मोठ्या बाजारांत गेलेल्या आमच्या वाचकांनीं असें दृश्य पाहिलें असेलच. आम्हांस मात्र हा सारा वाद चुकीच्या वस्तूवरून चालला आहे असें वाटतें. गिरणीच्या वास्तूपैकीं जें खरोखर टिकलें, तें चिमणी नव्हे आणि छप्परहि नव्हे. टिकली ती आवाराभोंवतालची भिंत. आणि पाडावयाची होती ती नेमकी तीच.

मूळची इमारत कशी होती हें थोडें पाहूं. कावसजी दावर यांची सुताची गिरणी १८५४ सालीं स्थापन झाली आणि दोन वर्षांनीं ताडदेवला सुरू झाली. त्यानंतर गिरणीचें जें रूप ठरून गेलें, तें कोणा स्थपतीच्या लहरीनें नव्हे, यंत्राच्या गरजेनें. सूतकताईचीं यंत्रें एकावर एक मजल्यांत चालूं शकत, म्हणून तो भाग मजलेदार; मागांचे हादरे जमिनीनेंच सोसावे म्हणून विणकामाचें खातें बहुधा बैठें. त्यावर करवतीच्या दात्यांसारखें छप्पर. प्रत्येक दात्याची उभी बाजू कांचेची व तिचें तोंड उत्तरेकडे. कारण उत्तरेकडून थेट ऊन फारसें येत नाहीं, उजेड मात्र सारखा येतो, आणि तुटलेला धागा दिसावयास असाच उजेड लागतो. चिमणी अर्थात् बॉयलरसाठीं. या इमारतींत शोभेला वाव थोडा होता. परंतु आंत जें चालतें तेंच बाहेरून दिसावें असा एक प्रामाणिकपणा तिच्या ठायीं होता. भिंतहि त्याच हिशेबाची होती. आंत कापूस, म्हणजे आगीचें भय. माल, म्हणजे चोरीचें भय. आणि कामगार, म्हणजे मालकाच्या दृष्टीनें वेळ बुडण्याचें भय. म्हणून भिंत उंच, दरवाजा एक, आणि दरवाज्यावर पहारा.

पण पाळी बदलली कीं तो दरवाजा उघडत असे. भोंगा वाजला म्हणजे हजारों माणसें बाहेर पडत व हजारों आंत शिरत, आणि भिंतीबाहेरची वस्ती ही गिरणीचाच दुसरा अर्धा भाग असे. रत्नागिरीहून, साताऱ्याहून एकटा आलेला माणूस गांवकीच्या खोलींत वळकटी ठेवी. एकाच खोलींत दिवसपाळीचे रात्रीं आणि रातपाळीचे दिवसां निजत. त्यांना जेवूं घालणाऱ्या खानावळवाल्या बायका त्याच गल्लीतल्या. तालमी, भजनी मंडळ्या, युनियनच्या कचेऱ्या, शाहिरांचे फड हें सारें भिंतीला टेकूनच वाढलें. लालबागच्या राजाचा उत्सव १९३४ पासूनचा. तोहि याच वस्तीचा.

या वस्तीचें घर म्हणजे चाळ. १९२० नंतरच्या दशकांत सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. सिमेंट-काँक्रीटच्या, तळमजल्यावर तीन मजल्यांच्या. खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. घर म्हणून ही योजना कंजूष होती यांत शंका नाहीं. आम्हां मध्यमवर्गीयांचें चाळप्रेम बहुधा गिरगांवच्या चाळीवर पोसलेलें असतें. तें विनोदी लेखांत वाचावयास गोड लागतें; रांगेंत डबा घेऊन उभें राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईस त्यांत कांहीं गोडी नाहीं. चाळ सोडून जाणाऱ्यास नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस मुळींच नाहीं. फक्त एक गोष्ट तेवढी नमूद केली पाहिजे. १६० चौरस फुटांच्या खोलींत दहा माणसांचा संसार चाले तो खोलीच्या बळावर नव्हे. दारापुढून जाण्यायेण्याची जी वाट, तिच्यावर तो चाले. तेथें मुलें अभ्यास करीत, आजारी माणूस हवा खाई, भांडण होई आणि मिटेहि. कंजूष योजनेनें केवळ जाण्यायेण्यापुरती दिलेली जागा लोकांनीं घर करून टाकली.

१८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधींच मागें घेतला गेला नाहीं. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि शहराच्या मध्यभागीं ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होणार हें स्पष्ट झालें. १९९१ च्या नियमावलींतील ५८ व्या नियमानें या जमिनीचे स्थूलमानानें तीन वांटे ठरविले: एक महापालिकेस मैदानां-उद्यानांकरितां, एक सार्वजनिक घरांसाठीं, एक मालकास. १९९६ सालीं चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली, आणि जमिनींचा एकत्र विचार करून लोकांसाठीं मोकळ्या जागा काढाव्या असा तिचा आग्रह राहिला. तो आग्रह कागदावरच राहिला. २००१ सालीं नियम असा बदलला कीं, वांटणी करावयाची ती फक्त जिच्यावर बांधकाम नाहीं अशा जमिनीची. गिरणीच्या आवारांत बांधकाम नसलेली जमीन ती किती असणार! उच्च न्यायालयानें २००५ सालीं हा अर्थ नाकारला. सर्वोच्च न्यायालयानें मार्च २००६ मध्यें तो मान्य केला. उत्तरेच्या उजेडाच्या त्या छपराची किंमत तें राखण्यांत नव्हे, मोडण्यांत ठरली.

वास्तुकलेची चर्चा करतांना आम्ही नियमांच्या कलमांत कां शिरलों, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, आजच्या गिरणगांवाचा खरा स्थपति तें कलमच आहे. प्रत्येक आवार वेगळें, प्रत्येकाचा हिशेब वेगळा; म्हणून प्रत्येकाभोंवतीं जुन्या रेषेवरच भिंत, एक दरवाजा, त्यावर पहारा. फरक इतकाच कीं, पूर्वींचा दरवाजा वस्तीसाठीं उघडे आणि आतांचा मोटारींसाठीं उघडतो. लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणण्याची विक्रेत्यांची टूम हास्यास्पद खरी, पण ती या बांधणीला साजेशी आहे. आवार जेथें असतें त्या वस्तीचें नसतेंच!

भिंत पाडणें शक्य होतें काय? याचें उत्तर साओ पावलो शहरांत आहे. तेथें पाँपेया भागांत पिंपांचा एक जुना कारखाना सेस्क या नोकरवर्गाच्या कल्याणसंस्थेकडे होता. लीना बो बार्दी या इटलींत जन्मलेल्या स्थपति बाईंनीं तो प्रथम पाहिला, पुन्हां एका शनिवारीं पाहिला. तेव्हां ओस कारखान्यांत मुलें खेळत होतीं, कुटुंबें जमलीं होतीं. हा आनंद मोडावयाचा नाहीं असें त्यांनीं ठरविलें. विटांच्या भिंतींचे जुने कोठार तसेच ठेवून त्यांत वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा आणि भोजनालय घातलें. खेळांसाठीं काँक्रीटचे नवे मनोरे उभारले. आणि कारखान्याच्या दोन ओळींमधली गल्ली शहरच्या रस्त्याचाच फांटा असावा तशी लोकांना मोकळी केली. पहिला भाग उघडला तो १९८२ सालीं, म्हणजे आमच्या संपाच्याच वर्षीं. तेथेंहि चिमणीसारखा एक उंच स्तंभ आहे. पण तो नवा आहे व पाण्याची टांकी म्हणून कामास येतो. तेथें जमीन एका संस्थेची होती, मुंबईंत ती खाजगी मालकांची, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. मुंबईच्या ५८ गिरण्यांपैकीं २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्या होत्या. त्यांपैकीं पांचांच्या जमिनी २००५ सालीं विकल्या गेल्या.

याचें मोल कोणीं दिलें? २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मेलीं. गिरण्यांच्या जागीं कचेऱ्यांचे मनोरे आले, लाखों माणसें येऊं लागलीं, आणि त्यांना चालावयास वाट मात्र जुनीच. आवारांच्या आंत संगमरवर होता. आवारांच्या मध्यें शहर नव्हतें. तीन महिन्यांनीं, २९ डिसेंबर रोजीं, कमला मिलच्या आवारांत गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा प्राण गेला. आगीच्या भयानें बांधलेल्या आवारांतच हें घडावें, याहून कडू गोष्ट ती कोणती?

जुन्या कामगारांस घरें मिळालीं नाहींत असें नाहीं. २०१२ साली पहिली सोडत निघाली. कांहींना गिरणीच्याच जागेवर घर मिळालें, कांहींना पनवेलजवळच्या कोन येथें. परंतु अर्जदार लाखाहून अधिक आणि घरें हजारांच्या हिशेबांत. त्या मानानें वरळीच्या जुन्या चाळींचें प्रकरण आम्हांस अधिक आशादायक वाटतें. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं तेथील ५५६ कुटुंबांना ४० मजली इमारतींतील प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जेथें राहत होते तेथेंच, शौचकूप घरांत. हें काम चांगलें झालें, आणि त्यास चांगलेंच म्हटलें पाहिजे.

तरी टीकाकाराचा प्रश्न उरतोच. अशा मनोऱ्यांत लिफ्टपासून दारापर्यंतची वाट बहुधा दोन्ही बाजूंनीं बंद असते, आणि दिवसाहि दिवा लावूनच उजळते. घर तिपटीनें मोठें झालें, पण शेजाऱ्यानें दोन घटका उभें राहावें अशी जागा तेवढी नाहींशी झाली. नायगांव आणि डिलाईल रोड येथील चाळींच्या जागीं जे नकाशे कामास येतील, त्यांत प्रत्येक मजल्यावरची ती वाट थोडी रुंद असावी, तिची एक बाजू उजेडाकडे उघडी असावी, आणि तळमजल्याला रस्त्याच्या बाजूनें भिंतीऐवजीं दुकानें व बसावयाचे ओटे असावे. चाळींतून निघालेल्या बायकांना त्यासाठीं एकदां विचारून पाहिलें, तरी रुंदी किती हवी तें त्या बोटें मोजून सांगतील.