रोझची पिशवी आणि पुस्तकभर पसरलेलं ‘कदाचित’

रात्री साडेअकरा वाजता मी मोबाईलवर अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातलं एक पान झूम करून बघत होते. १८५०च्या जनगणनेचं. ही पानं आता स्कॅन झालेली आहेत, फुकट खातं उघडलं की कुणालाही बघता येतात. गुलामांसाठी तेव्हा वेगळा तक्ता असायचा. डावीकडे मालकाचं नाव, वळणदार अक्षरात. त्याच्या पुढे आणि खाली नुसत्या ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस. वय, बाई की पुरुष, काळा की मिश्र, पळून गेलेला आहे का, मुक्त केलेला आहे का, आंधळा, बहिरा किंवा वेडा आहे का. एवढे रकाने आहेत आणि नावाचा रकाना नाही. म्हणजे विसरलेत असं नव्हे, छापतानाच ठेवलेला नाही.

मी नऊ वर्षांची मुलगी शोधत होते. चार्ल्सटनच्या पानांवर अशा कितीतरी ओळी आहेत. नऊ, बाई, काळी. नऊ, बाई, काळी. कुठली आपली, हे कसं ओळखणार? ‘आपली’ हा शब्द मी मनात वापरला आणि मलाच जरा विचित्र वाटलं.

तर, हे सगळं सुरू झालं टिया माइल्स यांच्या ‘ऑल दॅट शी कॅरीड’ या पुस्तकामुळे. २०२१ साली ते आलं, त्याच वर्षी त्याला अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. त्यावर कौतुकाचं इतकं लिहिलं गेलंय की आणखी एक फूल वाहण्यात अर्थ नाही. पण वाचताना मी दोनदा रडले आणि चार-पाच वेळा चिडले. चिडण्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा लेख.

आधी गोष्ट. २००७ साली टेनेसी राज्यातल्या एका जुन्या बाजारात चिंध्या-कापडांच्या ढिगात एका बाईला एक जुनं सुती पोतं मिळालं. धान्याचं किंवा बियाण्याचं असतं तसं, ठिगळं लावलेलं, डागाळलेलं. त्यावर रंगीत दोऱ्यांनी दहा ओळी भरलेल्या होत्या. भरणारीचं नाव रूथ मिडलटन, साल १९२१. त्या ओळी सांगतात, की रूथच्या आजीची आई रोझ हिने हे पोतं आपल्या मुलीला, ॲश्लीला, दिलं. ॲश्ली नऊ वर्षांची असताना दक्षिण कॅरोलायनात विकली गेली तेव्हा. आत एक फाटका झगा, तीन मुठी पिकन (अक्रोडाच्या जातीचा तिकडचा सुका मेवा) आणि रोझच्या केसांची वेणी होती. आणि यात माझी माया कायम भरलेली राहील, असं रोझने मुलीला सांगितलं. पुन्हा त्या दोघी कधीच भेटल्या नाहीत.

बस, एवढंच. आपल्याकडच्या एखाद्या गोधडीवर मावेल एवढा मजकूर. यातून साडेतीनशे पानांचं पुस्तक निघू शकतं का, हा पहिला प्रश्न. आणि निघालं तर ते इतिहासाचं पुस्तक असेल का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचं निम्मं काम माइल्स यांच्या आधी मार्क ऑसलँडर या मानववंशशास्त्रज्ञाने केलं होतं, आणि त्यांनीही ते मोकळेपणाने सांगितलंय. ऑसलँडरची युक्ती मला फार आवडली, कारण ती अगदी साधी आहे. रोझ हे नाव त्या काळात गुलाम बायकांमध्ये पैशाला पासरी. पण ॲश्ली हे मुलीचं नाव म्हणून तेव्हा दुर्मीळ. मग एकाच मालकाच्या कागदात रोझ आणि ॲश्ली दोघी सापडतात का, ते बघायचं. जनगणनेत नावं नाहीत. पण माणूस मेला की त्याच्या मालमत्तेची यादी होते, आणि मालमत्ता वाटायची तर मोजून, नावानिशी लिहावी लागते. खुर्च्या, घोडे, चांदीची भांडी, माणसं.

चार्ल्सटनचा एक धनाढ्य व्यापारी आणि मळेवाला, रॉबर्ट मार्टिन, १८५२ साली वारला. त्याच्या इस्टेटीच्या याद्यांमध्ये शहरातल्या घरच्या गुलामांत एक रोझ आहे, किंमत ७०० डॉलर. आणि बार्नवेल भागातल्या मिलबेरी प्लेस या त्याच्या मळ्यावरच्या यादीत एक ॲश्ली आहे, किंमत ३०० डॉलर.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं. दोन याद्या, दोन जागा. म्हणजे विक्रीच्या आधीच मायलेकी वेगळ्या ठिकाणी होत्या? की यादी करणाऱ्याने ज्या दिवशी मोजलं त्या दिवसापुरत्या? आणि मुळात या त्याच दोघी आहेत का? कारण याद्यांमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, की ही हिची आई. तिथे नातं नाही, किंमत आहे. पोत्यावर नातं आहे, पण मालकाचं नाव नाही, साल नाही, किंमत नाही. दोन कागद (एक कागदाचा, एक कापडाचा) एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. एकात जे आहे नेमकं तेच दुसऱ्यात नाही. त्यांना एकत्र शिवणारा दोरा आपला आहे, आजचा.

माइल्स हे लपवत नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. हीच ती रोझ असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, सिद्ध झालेलं नाही, असं त्या स्पष्ट म्हणतात. पण एकदा म्हणून झालं की पुढची दोनशे पानं ‘आपली’ रोझ शार्लट स्ट्रीटवरच्या त्या मार्टिन बंगल्यातच राहते. वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘बहुधा’ गळून पडतं. मला वाटतं लिहिणारीच्याही.

आता चिडण्याबद्दल. पुस्तकाचा मोठा भाग पोत्यातल्या एकेका वस्तूवर बेतलेला आहे: झगा, पिकन, केस. कल्पना सुरेख आहे. झग्यावरचं प्रकरण तर या पुस्तकातलं सगळ्यात भक्कम. गुलामांसाठी मुद्दाम विणलं जाणारं जाडंभरडं कापड असायचं, त्यांनी काय ल्यावं याचा कायदाच होता, आणि मालकिणीच्या तक्रारी असायच्या की या बायका ऐपतीबाहेर नटतात. हे सगळं कागदांवर उभं आहे. अशा राजवटीत आईने मुलीला दिलेला झगा, फाटका का असेना, म्हणजे अंग झाकायचा हक्क. इथे माइल्स यांना कल्पना करायची गरजच पडत नाही, कागदच बोलतात.

केसांचं प्रकरणही चांगलं आहे. त्या काळी गोऱ्या घरांमध्ये माणसाची आठवण म्हणून केस जपायचे, दागिन्यात मढवायचे. आणि त्याच घरांत गुलाम बाईला शिक्षा म्हणून तिचे केस कापायचे. रोझने स्वतःची वेणी स्वतः कापली, या एका कृतीकडे ही दोन्ही माहिती घेऊन बघितलं की अंगावर काटा येतो.

पिकनशी मात्र गाडी घसरते. पिकन तेव्हा दक्षिण कॅरोलायनातला मामुली खाऊ नव्हता, लांबून यायचा. मग रोझकडे तीन मुठी आल्या कुठून? ती स्वयंपाकघरात असेल का? कोठीची किल्ली तिच्याकडे असेल का? कदाचित. असूही शकेल. आपण कल्पना करू शकतो. हे ‘आपण कल्पना करू शकतो’ इतक्या वेळा येतं की मी पेन्सिलीने खुणा करायला लागले आणि मग सोडून दिलं. गंमत म्हणजे याच विषयात एक खरीखुरी नोंद आहे. लुइझियानातल्या ओक ॲली मळ्यावर अँटवान नावाच्या गुलाम माळ्याने १८४०च्या दशकात पिकनची यशस्वी कलमं केली, पुढच्या पिकन-बागांचा पाया तो. त्याचं आडनाव आपल्याला माहीत नाही. रोझच्या कोठीची किल्ली शोधण्यापेक्षा अँटवानच्या झाडाखाली आणखी दोन पानं बसलेलं मला आवडलं असतं.

पण मग मी स्वतःलाच विचारलं, की तुला नक्की काय हवंय? पुरावा नसेल तर गप्प बसायचं?

सैदिया हार्टमन यांनी २००८ साली एका निबंधात याच अडचणीला हात घातला होता. गुलामीच्या दप्तरात बाई येते ती मेली, मारली गेली किंवा विकली गेली तेव्हा. तेवढीच ओळ. त्या ओळीपुरतंच लिहायचं तर आपण यादी करणाऱ्याचंच काम पुढे नेतो. कल्पनेने भरायचं तर तिच्या तोंडी आपले शब्द कोंबतो. हार्टमन या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर चालतात, आणि गोष्ट रचतानाच ती रचता येत नाही हेही दाखवत राहतात. त्यांच्याकडे ‘कदाचित’ बोचतं. माइल्स यांच्याकडे ते उशीसारखं मऊ होतं, डोकं टेकवायला. माझी खरी तक्रार ही आहे. त्या कल्पना करतात हे मला खटकत नाही, त्यांच्या कल्पनेने वाचणाऱ्याला बरं वाटतं हे खटकतं. ‘माया’ हा शब्द प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी येऊन पाठीवरून हात फिरवतो. रोझला बहुधा त्या क्षणी इतकं शांत वाटलं नसावं. (बघा, मीही ‘बहुधा’ लिहिलंच.)

हैतीचे इतिहासकार मिशेल-रॉल्फ ट्रुयो म्हणत, की इतिहासातली शांतता एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येते. आधी नोंद करतानाच काही वगळलं जातं, मग दप्तरात काय ठेवायचं ते ठरतं, मग त्यातून कोण काय उचलतं, आणि शेवटी कशाला इतिहास म्हणायचं. दक्षिण कॅरोलायनात यातला पहिला टप्पा चक्क कायद्यात होता. गुलामाला लिहायला शिकवणं तिथे १७४०पासून गुन्हा. देशभरच्या जनगणनेत सगळ्या काळ्या माणसांची नावं आली ती १८७० साली, गुलामी संपल्यावर. घराणी शोधणारे लोक याला १८७०ची भिंत म्हणतात. त्या भिंतीला मागे जाऊन डोकं आपटायचं ते मालकांच्या याद्यांवरच.

या पार्श्वभूमीवर रूथकडे बघा. माझ्या मते या पुस्तकाची नायिका रोझ नाही, रूथ आहे. दक्षिण सोडून उत्तरेला फिलाडेल्फियात आलेली, १९१८ साली तिथे लग्न झालेली, पदरी लहान मुलगी असलेली काळी बाई. तिच्याकडे ना मार्टिनची यादी, ना जनगणना. ऐकलेलं होतं आणि सुई-दोरा होता. तिने लिहिलं ते पूर्ण पुराव्यासारखं आहे: कोण, कुणाची, किती वर्षांची, कुठे, काय काय वस्तू, शेवटी सही आणि साल. एक जबानीच ती. आणि अधेमधे, जिथे रोझचं बोलणं येतं तिथे, व्याकरण बदलतं. शाळेतली इंग्रजी थांबते आणि ‘बी’ हे एकच क्रियापद तसंच उघडं येतं, काळ्या दक्षिणेच्या बोलीतलं. रूथने ते सुधारलं नाही. तीन पिढ्या तोंडातून तोंडात आलेलं वाक्य तिने त्याच्या उच्चारासकट टाचून ठेवलं.

मी ते मराठीत आणायचा प्रयत्न केला. ‘भरलेली राहील’ म्हटलं तर शाळेतलं. ‘भरल्याली हाय’ म्हटलं तर एकदम सिनेमातलं गाव. रोझची बोली माझ्याकडे नाही, हे त्या एका क्रियापदाने मला जितकं कळलं तितकं पिकनच्या अख्ख्या प्रकरणाने कळलं नव्हतं. ॲश्लीचं विकल्यानंतर काय झालं, कुठे गेली, हे कुठल्या कागदात सापडलेलं नाही. पण तिने आईचं वाक्य नातीपर्यंत पोचवलं, एवढं मात्र पोत्यावरून पक्कं आहे. इथे ‘कदाचित’ लागत नाही.

हे सगळं मला इतकं का लागलं, तेही सांगून टाकते. २०२३ साली राज्यभर जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधणं चालू होतं तेव्हा आमच्या काकांनीही गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काढल्या, मोडी वाचणारा माणूस गाठला. पणजोबांचं नाव सापडलं, घरात पेढे वाटले. त्याच गठ्ठ्याच्या झेरॉक्समध्ये पणजोबांच्या एका मेव्हण्याच्या जन्माच्या दोन ओळी वर आणखी एक नोंद होती. बापाचं तेच नाव, आणि पुढे नुसतं ‘मुलगी’. मी लगेच ठरवलं, ही पणजी. तिच्यावर फेसबुकवर लांबलचक लिहिलंसुद्धा. तिच्या लहानपणची विहीर, तिची फणी, काय नि काय. दोनशे लाइक आले. मग काका शांतपणे म्हणाले, “अगं, त्या माणसाला पाच मुली होत्या. ही कुठली, तुला काय ठाऊक?”

माझी पणजी कुणी विकली नव्हती. तिच्या पुढे किंमत लिहिलेली नव्हती. त्या चार्ल्सटनच्या ओळींशी तिची बरोबरी मी करत नाही, करूही नये. पण दुसऱ्याच कुणाच्या मुलीला आपली म्हणून मी विहिरीवर नेऊन बसवलं होतं, आणि ते करताना मला फार छान वाटलं होतं. माइल्स यांच्यावर चिडले ती मी या अनुभवानंतरची.

पुस्तक संपल्यावर मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, पणजीचं नाव काय होतं. मोठ्या आत्याने लिहिलं, सगुणा. पाच मिनिटांनी गावच्या काकूंचा व्हॉइस मेसेज आला, की सगुणा हे सासरी ठेवलेलं. माहेरचं आईला माहीत होतं, ती गेली. तो मेसेज मी वेगळा सेव्ह करून ठेवलाय, काकू मधेच “थांब हं, कुकर” म्हणतात त्या वाक्यासकट.