कायदा होता, शिपाई नव्हता : आल्थिंगकडे पुन्हा पाहताना

आजचा विषय आइसलँडची आल्थिंग ही सभा. तिचे नाव निघाले की ‘जगातली सर्वांत जुनी संसद’ हे बिरुद लगेच पुढे येते. आज आपण या बिरुदाचीच थोडी झडती घेऊ.

सुमारे ९३० साली थिंगवेल्लीर येथे, खडकाच्या मोठ्या भेगेलगतच्या मैदानात, ही सभा भरू लागली. दर उन्हाळ्यात दोन आठवडे. देशाला राजा नव्हता. गोधी म्हणजे स्थानिक सरदार आपापले अनुयायी घेऊन येत. कायदे लिहिलेले नव्हते, ते पाठ होते. तीन वर्षांसाठी निवडलेला एक विधिवक्ता ‘कायद्याच्या खडका’वरून दरवर्षी एक तृतीयांश कायदा मोठ्याने म्हणून दाखवी. तीन वर्षांत सगळा कायदा लोकांच्या कानांवरून जाई. १११७-१८ च्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा लेखी उतरवायला घेतला.

आता बघा, याला आपल्या अर्थाने संसद म्हणायचे का? कायदे करणाऱ्या मंडळात पुढे ४८ जण बसत. मधल्या बाकावर ते, त्यांच्या पुढे एक आणि मागे एक सल्लागार. पण मत फक्त मधल्या बाकाला. बाईला गोधीपद वारसाने मिळू शके, चालवता मात्र येत नसे. गुलामांचा तर प्रश्नच नाही. तेव्हा ‘लोकशाहीचे माहेर’ वगैरे म्हणताना आपण जरा जपून बोलावे.

मग तिचे मोल कशात? आमच्या मते, तिने विचारलेल्या प्रश्नात. शिपाई नसताना कायदा चालेल का? आल्थिंगजवळ न्यायालये होती, पण निकाल अमलात आणणारे कुणी नव्हते. खटला जिंकलात ना, मग अंमलबजावणीही तुम्हीच करा! सर्वांत कडक शिक्षा म्हणजे माणसाला कायद्याबाहेर काढणे. त्याला कुणीही मारले तरी दाद नाही. म्हणजे कायद्याचे बळ काय, तर सगळ्यांनी मिळून पाठ फिरवणे.

हे चालू शकते, याचा पुरावा सुमारे १००० सालचा आहे. ख्रिस्ती आणि जुन्या देवांचे उपासक समोरासमोर उभे ठाकले. एकमेकांचा कायदा मानायला कुणी तयार नव्हते. निर्णय विधिवक्ता थोर्गेर याच्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा. दीड-दोनशे नव्हे, सव्वाशे वर्षांनंतर लिहिणाऱ्या आरी थोर्गिल्सनच्या म्हणण्याप्रमाणे तो एक दिवस-रात्र पांघरूण घेऊन पडून राहिला आणि मग म्हणाला की देशात कायदा एकच हवा, नाहीतर शांतता राहणार नाही. सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा, पण घोड्याचे मांस खाणे, नको असलेली अर्भके उघड्यावर टाकणे आणि गुपचूप बळी देणे तूर्त चालू राहावे. यातले अर्भकांचे कलम आज आपल्या अंगावर काटा आणते. ही तडजोड काही आदर्श नव्हे, पण ती शस्त्रांविना मानली गेली, ही मोठीच गोष्ट.

आणि हे मोडले कशाने? गोधीपद ही खाजगी मालमत्ता होती. ते विकता येई, वारसाने देता येई. अनुयायाला दुसरा गोधी निवडण्याची मुभा होती. पण एकाच घराण्याने आसपासची सगळी पदे गोळा केल्यावर निवडणार कुणाला? तेराव्या शतकापर्यंत सत्ता मोजक्या घराण्यांत साठली, त्यांच्यात लढाया पेटल्या आणि १२६२-६४ मध्ये आइसलँडने नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व पत्करले. कायदा पाठ होता, पण त्याच्याकडे पाठ फिरवणारा आता इतका बलवान होता की त्याला बाहेर काढणार कोण?

अखंडतेचाही दावा तपासावा. आल्थिंग १८०० साली बंद झाली. १८४५ मध्ये रेक्याविकला पुन्हा भरली, तीही केवळ सल्लागार म्हणून. कायदे करण्याचा अधिकार १८७४ मध्ये आला. १७ जून १९४४ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा मात्र थिंगवेल्लीरलाच झाली.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. आल्थिंगचे वय मोजण्यापेक्षा तिच्या दोन्ही बाजू पाहा. साधारण समबल माणसे असतील, तर शब्दावर राज्य चालते. पद विकाऊ झाले आणि बळ एकवटले, की तोच कायदा नुसता म्हणून दाखवण्यापुरता उरतो. कोणत्याही सभेबद्दल, ‘ती किती जुनी?’ याच्या आधी ‘तिथली पदे कुणाच्या मालकीची?’ हे विचारायला हवे. आता आपले प्रश्न येऊ द्या.