साक्षीदार की अभ्यासक?

संशोधन केंद्रांमध्ये हल्ली ‘समावेशन’ या विषयावर कार्यशाळा होतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. सकाळी एखादे प्राध्यापक सिद्धांत मांडतात. जेवणानंतर दलित, आदिवासी, भटक्या समाजांतले दोन-तीन पीएच.डी.चे विद्यार्थी ‘अनुभवकथन’ करतात. सभागृह हळहळतं, प्रमाणपत्रं वाटली जातात. या साच्यात काय खटकतं, ते मला नेमकं कळलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध पुन्हा वाचताना.

जातिसंस्थेवरचं मूलगामी विवेचन म्हणून आपण तो वाचतो, आणि तो तसा आहेच. पण मुळात तो एका विद्यार्थ्याने वाचलेला सेमिनार पेपर आहे. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार. वाचणारा पंचवीस वर्षांचा. गोल्डनवायझर स्वतः किएव्हमध्ये जन्मलेले, म्हणजे तेही बाहेरून आलेलेच.

निबंधातला ‘मी’ फार लक्षणीय आहे. आपल्याहून समर्थ लेखण्या या विषयावर चालल्या आहेत, असं तो सुरुवातीला नम्रपणे सांगतो, आणि मग त्याच लेखण्यांचा एकेक करून समाचार घेतो. सेनार, नेसफील्ड, रिस्ले. चौथे केतकर, म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. ते काही वर्षं आधी न्यूयॉर्क राज्यातच, इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते. त्यांचं जातीच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये आलं. आंबेडकर त्यांना मोकळेपणाने श्रेय देतात : इतरांनी जात सुटी पाहिली, केतकरांनी ती जातींच्या व्यवस्थेत ठेवून पाहिली. आणि लगेच चूक दाखवतात. केतकर जातीची दोन लक्षणं सांगतात : जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सदस्यत्व. आंबेडकर म्हणतात, ही दोन नाहीतच. लग्नाला बंदी घातली की सदस्यत्व आपोआप जन्मावर येतं. एका नाण्याच्या दोन बाजू. चित्पावन विद्वानाची व्याख्या महार विद्यार्थी दुरुस्त करतो, आणि ती चर्चा व्याख्येपुरतीच राहते.

संपूर्ण निबंधात वक्ता स्वतःची जात सांगत नाही. सांगण्यासारखं खूप होतं. शाळेत नळाला हात लावता येत नसे, शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. त्यातलं एकही अक्षर इथे नाही. काही वाचकांना हे लपवणं वाटेल. मला नाही वाटत. त्या खोलीत त्याला साक्षीदार म्हणून उभं केलेलं नव्हतं, आणि आपलेपणा म्हणतात तो मला इथे दिसतो. तुमचं विधान चुकीचं आहे असं म्हणायची मुभा, आणि तुमचंही चुकलं तर तसंच ऐकून घ्यायची तयारी.

निबंधात चुकण्याजोग्या जागा आहेतही. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांची उपपत्ती ‘जादा स्त्री’ आणि ‘जादा पुरुष’ अशा हिशेबातून लावणं तर्कशुद्ध आहे, पण त्या हिशेबात बाई आकडा होऊन जाते. जाती अनुकरणातून पसरल्या, हा टार्दच्या आधाराने केलेला युक्तिवादही मला अपुरा वाटतो. त्यात बळजबरीला फार थोडी जागा आहे. असे आक्षेप घेता येतात, कारण समोर मांडणी आहे. अनुभवकथनावर कोण आक्षेप घेणार? तिथे फक्त मान खाली घालता येते.

गोपाळ गुरूंनी २००२ मध्ये आपल्या सामाजिक शास्त्रांतल्या या विभागणीवर नेमकं बोट ठेवलं : सिद्धांत करणारे ब्राह्मण आणि तपशील गोळा करणारे शूद्र. मी संशोधक विद्यार्थी होतो, तेव्हा आमच्या विभागात विषय ठरवताना एक वाक्य सर्रास ऐकू येई : “तुझ्याच समाजावर कर ना, सोपं जाईल.” आपुलकीने म्हटलं जाई, हे विशेष. ज्यांना ते ऐकावं लागे त्यांच्यातल्या एकाला भाषाशास्त्र करायचं होतं. त्याने शेवटी आपल्या तालुक्यातल्या जत्रांवर प्रबंध लिहिला.

अशा वाक्याची तक्रार कुठे करणार? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२च्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. ते हवंच. रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला, तेव्हाही हे नियम होते. पण मार्गदर्शकाच्या केबिनमध्ये विषय, सही आणि शिष्यवृत्तीचा अहवाल हे सगळं एकाच माणसाच्या हाती असतं, तिथे कक्षाची पाटी फार दूर असते.

आंबेडकरांनी अनुभव लिहिले ते जवळपास वीस वर्षांनी, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये, स्वतःला हवे तेव्हा. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच पुसली गेली होती, असं ते तिथे सांगतात. मग १९१७चं बडोदं येतं. ज्या संस्थानाच्या पैशावर ते कोलंबियाला गेले, तिथेच राहायला जागा नाही. पारशी म्हणून नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत मुक्काम, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेला जमाव, रात्रीच्या गाडीपर्यंत कमाठी बागेत काढलेले तास. हे सगळं सांगून झाल्यावर ते अश्रूंवर थांबत नाहीत. हिंदूंना जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्यच, हा निष्कर्ष स्वतःच काढतात आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतात.