किनाऱ्याकिनाऱ्याने : एका दिवसाचा नौकाप्रवास आणि आपले गद्य

प्रवासवर्णनाचे मोल ठरविताना आपल्याकडे बहुधा दोन गोष्टी पाहिल्या जातात. प्रवास किती दूरचा होता ही एक, आणि त्यात अपूर्व असे काय दिसले ही दुसरी. समुद्रप्रवास असेल तर वादळाची अपेक्षा आणखी जोडली जाते. वादळ झाले नाही तर वाचकाला काहीसे फसल्यासारखे वाटते, आणि लेखकालाही ते ठाऊक असल्यामुळे तो लहानशा सरीला प्रलयाचे रूप देतो. आमच्या मते ह्या वाङ्मयाची खरी कसोटी निराळी आहे. लांबच्या नौकाप्रवासात ज्या दिवशी सांगण्याजोगे काहीच घडले नाही, तो दिवस लेखकाला सांगता येतो काय, एवढेच पाहावे. ज्याला तो सांगता आला त्याने समुद्र पाहिला. इतरांनी समुद्रावर निबंध लिहिले.

किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या शिडाच्या नौकेला ही कसोटी विशेष कडकपणे लागू पडते. भर समुद्रातील प्रवासात निदान विशालता तरी लेखकाच्या मदतीला येते. येथे ती सोय नाही. जमीन सदैव दिसत असते. डोंगर, खाडीचे मुख, देवळाचा कळस, माडांची रांग एकामागून एक येते आणि जाते. पण हा प्रवास सोपा असतो असे मात्र नाही. जमिनीवर राहणाऱ्या माणसाला किनारा हा आसरा वाटतो; शिडावर जगणाऱ्याला तो सर्वांत मोठा धाक असतो. खोल पाण्यात नौकेला पळायला जागा असते. वारा किनाऱ्याकडे लोटीत असता खडक जवळ असला तर ती जागा उरत नाही. ज्याच्याकडे जायचे त्याच्यापासूनच जपून राहायचे, हा ह्या प्रवासाचा मूळ ताण आहे, आणि कोणत्याही वादळाशिवाय तो दिवसभर टिकतो.

त्या दिवसाला स्वतःची घडणही असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उघाडीच्या महिन्यांत रात्री जमीन पाण्याहून लवकर निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. उत्तरेकडे जाणारी नौका तो धरून नांगर उचलते व किनारा उजव्या हाताला ठेवून बाहेर पडते. दिवस चढतो तशी जमीन तापते, मतलई मंदावतो, मध्येच वारा पडून शीड लोंबकळते. आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो. तो समोरूनच येत असल्यामुळे आता तिरके चालून पुन्हा किनाऱ्याकडे यायचे आणि सांजेला एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा. निघणे, थांबणे, वळणे आणि पोहोचणे हे चार अंक निसर्गानेच लावून दिले आहेत. नाटककाराने आणखी काय मागावे?

ह्या विषयावरील अगदी जुना लेख म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ. त्याचा कर्ता इजिप्तमध्ये राहणारा कोणी ग्रीकभाषी व्यापारी असावा. त्याचे नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. लालसमुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत कोणते बंदर कोणत्या बंदरानंतर लागते आणि तेथे काय विकते व काय मिळते, याची ती नोंदवही आहे. सोपारा आणि कल्याण यांची नावे त्यात येतात. त्यांत ललित असे काही नाही, आणि तरीही भडोचविषयीचा भाग वाचताना आम्हांस जे जाणवते ते पुष्कळशा अलंकृत सागरवर्णनांत जाणवत नाही. नर्मदेच्या मुखाशी भरती किती वेगाने चढते, पाण्याचा लोंढा आवाज करीत कसा येतो, नवख्या जहाजांना तेथे किती धोका असतो, आणि म्हणून राजाच्या चाकरीतले वाटाडे सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जाऊन जहाजांना कसे आत आणतात, हे तो कोरडेपणाने सांगतो. हा कोरडेपणाच परिणामकारक ठरतो. भीती हा शब्द न वापरता भीतीचे कारण सांगितले की भीती वाचकाच्या मनात आपोआप उभी राहते.

तथापि ‘पेरिप्लस’मध्ये माणूस नाही. वाटाडे आहेत, पण त्यांपैकी एकाचा चेहरा दिसत नाही. तो चेहरा पाहण्यासाठी आम्ही वाचकांस रिचर्ड हेन्री डेना याच्या ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’ ह्या १८४० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पुस्तकाकडे नेऊ इच्छितो. डेना हा बॉस्टनच्या प्रतिष्ठित घराण्यातला, हार्वर्डचा विद्यार्थी. गोवराने डोळे अधू झाले, अभ्यास थांबला, तेव्हा एकोणीस वर्षांचा हा तरुण ऑगस्ट १८३४ मध्ये ‘पिलग्रिम’ नावाच्या जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला आणि सप्टेंबर १८३६ मध्ये ‘अलर्ट’ ह्या दुसऱ्या जहाजाने परतला. डोलकाठीच्या पुढचा भाग हा खलाशांच्या राहण्याचा, आणि मागचा अधिकाऱ्यांचा. ग्रंथाचे नाव त्यावरून आले आहे. नावातच लेखकाने आपली जागा सांगून टाकली आहे.

हॉर्नच्या भूशिराचे वळण त्यात दोनदा येते व ते प्रसिद्धही आहे. पण आमच्या मते ह्या ग्रंथाचे हृदय कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, बंदरामागून बंदर करीत कातडी गोळा करणाऱ्या कंटाळवाण्या दिवसांत आहे. तो किनारा तेव्हा मेक्सिकोकडे होता. सांता बार्बराला जहाज किनाऱ्यापासून सुमारे तीन मैलांवर नांगरून ठेवीत, कारण हिवाळ्यात आग्नेयेचा वारा उठला तर ते बंदर उघडे पडे. म्हणून साखळीला खुणेचा तरंगता ओंडका बांधून ठेवायचा, शिडे तत्काळ सोडता येतील अशी बांधायची, आणि वारा फिरताच नांगर साखळीसह तेथेच सोडून समुद्रात पळायचे. वारा ओसरला की परत येऊन तो ओंडका शोधायचा आणि आपला नांगर पुन्हा हस्तगत करायचा. वर ज्याला आम्ही मूळ ताण म्हटले तो येथे एका दोराच्या गाठीत बांधलेला दिसतो. डेना त्यावर भाष्य करीत नाही. गाठ कशी मारली ते सांगतो.

त्याची दिवस सांगण्याची रीत अशीच आहे. पहाटे फळ्या धुणे; मग होडी उतरविणे; फेसाळ लाटांतून ती किनाऱ्याला लावणे; वाळलेली ताठ कातडी डोक्यावर घेऊन पाण्यातून होडीपर्यंत नेणे, कारण ती भिजून चालत नसे. एके ठिकाणी किनारा म्हणजे उभा कडाच होता. कातडी वरूनच खाली भिरकावीत. काही मध्येच अडकली ती सोडवायला डेना दोराने खाली उतरला. त्या जागेला पुढे त्याचेच नाव मिळाले. प्रसंग जिवावरचा होता, पण लेखकाने त्याला शौर्यकथा होऊ दिलेले नाही. थोड्याशा कातड्यांसाठी एक माणूस कड्यावर लोंबकळला, हा हिशेब वाचकाने मांडावा म्हणून तो तसाच ठेवला आहे. ‘अलर्ट’ परत निघाले तेव्हा त्याच्या पोटात अशी सुमारे चाळीस हजार कातडी होती. प्रत्येक कातडे कोणाच्या तरी डोक्यावरून आले होते, हे ध्यानात आल्यावर त्या आकड्याचा अर्थ बदलतो.

कप्तानाने दोघा खलाशांना फटके मारल्याचा प्रसंग ह्याच भागात येतो. त्याच वेळी, अशा माणसांसाठी आपण पुढे काहीतरी करू, असा निश्चय डेनाने केला आणि वकील झाल्यावर तो बऱ्याच अंशी पाळला. १८४१ साली त्याने खलाशांसाठी त्यांचे काम व हक्क समजावून देणारे पुस्तक लिहिले. पण वाङ्मयदृष्ट्या लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो क्रोध परिणाम करतो याचे कारण त्याआधीची साध्या दिवसांची पाने. ज्यांच्याबरोबर आपण फळ्या धुतल्या, दोर ओढले, त्यांच्या पाठीवर फटके बसतात. आधी दिवस नसते तर हा प्रसंग केवळ वार्ता ठरला असता.

डेनाचे दोषही सांगितले पाहिजेत. किनाऱ्यावरच्या स्पॅनिशभाषी लोकांविषयी तो उतावळेपणाने निकाल देतो; त्यांना आळशी ठरविताना तो बॉस्टनच्या बैठकीतून बोलतो, गलबताच्या फळीवरून नव्हे. हवाई बेटांतल्या सोबत्यांविषयी मात्र त्याच्या लेखणीला माया फुटते, कारण त्यांच्याबरोबर तो सान डिएगोच्या किनाऱ्यावर राबला होता. यातून एक नियमच निघतो. जेथे डेनाने काम केले तेथे त्याची नजर स्वच्छ आहे. जेथे त्याने केवळ पाहिले तेथे ती गढूळ आहे.

आपल्याच समुद्रावरचा दिवस पाहायचा तर ऑस्ट्रेलियन नाविक अ‍ॅलन व्हिलियर्स याचा ‘सन्स ऑफ सिंदबाद’ (१९४०) वाचावा. १९३८ च्या अखेरीस तो एडनला एका कुवेती गलबतावर चढला. अरबस्तानचा दक्षिण किनारा, मग सोमालियाचा, मग मोंबासा, झांजिबार आणि रुफिजी नदीच्या मुखातील तिवरांची लाकडे, असा तो फेरा १९३९ मध्ये कुवेतला संपला. त्या गलबतांचे सागवान मलबारातून जाई, आणि तेथल्या कप्तानाला जो शब्द आहे तोच आपल्याकडे ‘नाखवा’ होऊन बसला आहे. ह्या ग्रंथातील दिवस गजबजलेला आहे. फळीवर दाटीवाटीने बसलेले उतारू, पाच वेळची प्रार्थना, भाकऱ्या भाजणे, तेथेच नवी होडी घडवीत बसलेला सुतार, आणि ह्या सर्वांवर नजर ठेवून किनारा नुसता डोळ्यांनी ओळखीत जाणारा नाखवा. नकाशावाचून चालणाऱ्या त्या ज्ञानाचा व्हिलियर्सला मनापासून आदर वाटतो, आणि तो स्वतः कसलेला शिडाचा नाविक असल्यामुळे त्या आदराला वजन आहे.

पण डेनाची सर त्याला येत नाही. व्हिलियर्स पाहुणा आहे. त्याला अरबी भाषा फारशी येत नव्हती. खलाशी दोर ओढताना गातात ते त्याला ऐकू येते, पण ते काय गातात ते आपल्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय हे सर्व संपत चालले आहे ही हुरहूर त्याच्या पानापानांवर आहे. ती खोटी नव्हती. १९३८ मध्येच कुवेतमध्ये तेल सापडले होते, १९४६ मध्ये ते बाहेर जाऊ लागले, आणि शिडांचा तो व्यापार पाहता पाहता मावळला. तरीसुद्धा हुरहूर ही लेखकाची भावना झाली. दोर ओढणाऱ्याला त्या क्षणी दोराचीच चिंता असते.

आता आपल्याकडे वळू. मराठीला समुद्राचे काव्य नाही असे कोण म्हणेल? सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला घातलेली साद, किंवा कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’तील (१९४२) कोलंबसाचे गर्वगीत, ही आपली अक्षय ठेव आहे. पण पहिल्यात समुद्र हा विरह आहे, दुसऱ्यात तो आव्हान आहे. दोन्ही ठिकाणी तो मनाचा समुद्र आहे, आणि काव्यात तो तसा असणे योग्यच. प्रश्न गद्याचा आहे. आमच्या गद्यातला समुद्र बहुतेक वाळूवर उभे राहून पाहिलेला आहे, नाहीतर आगबोटीच्या कठड्याला टेकून. मालवण, वेंगुर्ले, कारवार येथून कौले, मीठ, नारळ, लाकूड घेऊन निघालेल्या गलबतावरचा एक साधा दिवस, तांडेलाच्या बाजूने सांगितलेला, आमच्या वाचनात क्वचितच आला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : असले लेखन पारिभाषिक शब्दांनी बोजड होईल, वाचकाला कळणार नाही. ह्याचे उत्तर खुद्द डेनानेच आपल्या प्रस्तावनेत दिले आहे. कूपरच्या सागरकथा हजारोंनी वाचल्या. त्यांतल्या दोरांची नावे कितीकांना ठाऊक होती? रस कोठे अडला? शब्द नेमका असला आणि त्यामागे काम दिसत असले की वाचक तो आपोआप उचलतो. परबाण, नाळ, सुकाणू, दामण, उधाण, भांग, आगोट हे शब्द बोजड नाहीत. ते आपल्या कानांवरून गेले आहेत, एवढेच.

आम्ही किनाऱ्यावरच्या शाळेत शिकवितो, म्हणून हा प्रश्न आमच्यापुढे रोज वह्यांतून येतो. खारव्यांची, भंडाऱ्यांची मुले ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ’ लिहितात तेव्हा त्यांच्या वहीत सोन्याचा गोळा असतो, रुपेरी वाळू असते आणि शंखशिंपले वेचणारी बालके असतात. त्यांच्या आज्यांना ढगाच्या रंगावरून वारा कळत असे. ते त्या वहीत येत नाही. मुलांना ते ठाऊक नाही असे नव्हे. ते लिहिण्याजोगे आहे असे त्यांना कोणत्याही पाठाने कधी सांगितले नाही. आपल्या घरातले ज्ञान हे वाङ्मय नव्हे, अशी समजूत मुलाच्या मनात रुजते तेव्हा भाषा गरीब होते. आणि मराठीच्या मुख्य प्रदेशाबाहेर राहणाऱ्या आम्हा लोकांना ही गरिबी अधिक जाचते, कारण येथे शब्द एकदा घरातून गेला की तो परत आणून देणारे दुसरे ठिकाण नसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे आली आणि आपल्या किनाऱ्यावरून व्यापाराची शिडे उतरली. ती परत उभारा असे आमचे म्हणणे नाही. खलाशाच्या कष्टांविषयी वाचकाने सुरक्षित अंतरावरून हळहळ वाटून घेण्यात शोभा नाही. आमची मागणी लहान आहे. ज्यांनी शीड ओढले असे वृद्ध जेथे अद्याप असतील, अथवा त्यांच्याकडून ऐकलेली माणसे असतील, तेथे एकेका दिवसाची हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी : नांगर केव्हा उचलला, मतलई कोठवर पुरला, दुपारी काय शिजले, कोणत्या खुणेवरून खाडी ओळखली. त्यात वादळ नसले तरी चालेल. लिहिणाऱ्याने त्याला उपमा जोडू नयेत आणि शब्द बदलू नयेत. अशा दहा-वीस हकीकती एकत्र झाल्या तर मराठीत डेना जन्मेलच असे कोणी सांगू शकणार नाही. पण तो जन्मला तर त्याच्या हाताला दोर लागेल.