खाजगी किल्लीची वंशावळ : जावातील यादृच्छिकतेची एक चिकित्सा

जावा या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत कूटलेखनाची खाजगी किल्ली तयार करणे दिसावयास अतिशय सोपे आहे. कीपेअरजनरेटर या क्लासचा ऑब्जेक्ट मागवावयाचा, किल्लीची लांबी सांगावयाची आणि एक मेथड बोलवावयाची. १९९७ सालच्या जेडीके १.१ पासून ही रचना फारशी बदललेली नाही. आतील गणित झाकून ठेवणे हा या पद्धतीचा गुण मानला जातो व तो रास्तच आहे. मात्र किल्लीची सारी ताकद ज्या यादृच्छिकतेत असते, तीच येथे झाकली जाते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या झाकण्याच्या रीतीवर आहे.

जावात यादृच्छिक संख्या देणाऱ्या क्लासांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. रँडम हा खेळ, नमुना-निवड इत्यादींसाठी असून त्याची आंतरिक अवस्था अवघी ४८ बिटांची आहे. सिक्युअररँडम हा कूटलेखनासाठी आहे. भाषेच्या रचनाकारांनी दुसऱ्यास पहिल्याचा वारस केले. वारसाच्या नियमानुसार जेथे रँडम चालतो तेथे सिक्युअररँडमही चालतो, आणि यात वावगे काही नाही. घोटाळा पुढे आहे. मोठ्या संख्यांचा बिगइंटिजर हा क्लास अविभाज्य संख्या शोधताना पॅरामीटर म्हणून मागतो तो रँडम. त्यामुळे आरएसए किल्लीसाठी साधा रँडम दिला तरी कंपायलर मौन बाळगतो. प्रकार तपासून चूक आधीच पकडणे हेच ज्या भाषेचे ब्रीद, तिने नेमक्या या ठिकाणी डोळे मिटावेत हे खटकते.

परिणाम किरकोळ नाही. एकाच रँडम ऑब्जेक्टमधून दोन्ही अविभाज्य संख्या घेतल्यास किल्ली २०४८ बिटांची दिसली तरी शक्यता २ चा ४८ वा घात, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी यांपलीकडे जात नाहीत. जावा १.४ पर्यंत तर बीज न दिल्यास ते घड्याळातील मिलिसेकंदांवरून घेतले जाई. किल्ली कोणत्या दिवशी तयार झाली एवढे कळले की ८ कोटी ६४ लाख बीजे तपासणे पुरे. पुढे बीज निवडण्याची रीत सुधारली, अवस्था मात्र ४८ बिटांचीच राहिली. प्रात्यक्षिकाच्या वहीतील आरएसएचा प्रोग्राम असा लिहिला तरी उत्तर बरोबर येते, संदेश उलगडतो आणि विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळतात. आपण तपासतो ते उत्तर; किल्लीचा दुबळेपणा उत्तरात उमटतच नाही.

मग सिक्युअररँडम वापरा, एवढे सांगून भागते काय? तेही नाही. त्याच्या सेटसीड या मेथडविषयी दस्तऐवज सांगतो की दिलेले बीज मूळ बीजात भर घालते, त्याची जागा घेत नाही. परंतु सनच्या एसएचए१पीआरएनजी या अंमलबजावणीत पहिली संख्या मागण्यापूर्वीच सेटसीड बोलावल्यास प्रणालीकडून बीज घेतलेच जात नाही. प्रोग्रामरने दिलेले तेवढेच उरते. अँड्रॉइडवर अनेकांनी पासवर्डलाच बीज करून किल्ल्या काढल्या, आणि २०१६ साली अँड्रॉइड एन आवृत्तीत गूगलला हा मार्ग कालबाह्य ठरवावा लागला.

त्याआधीचा ऑगस्ट २०१३ मधील प्रसंग अधिक बोलका आहे. अँड्रॉइडवर सिक्युअररँडमला योग्य बीजच मिळत नव्हते. ईसीडीएसए स्वाक्षरीत एकच गुप्त संख्या दोनदा आली तर त्या दोन स्वाक्षऱ्यांवरून खाजगी किल्ली साध्या बीजगणिताने काढता येते. बिटकॉइनची काही पाकिटे अशीच रिकामी झाली. त्या प्रोग्रामरांनी योग्य तोच क्लास निवडला होता. दोष दाखवून देणारी एकही खूण मात्र त्यांना त्या ऑब्जेक्टच्या बाह्य रूपात मिळाली नसती.

जाता जाता किल्लीच्या अंताविषयी. जावा ८ पासून प्रायव्हेटकी या इंटरफेसला डिस्ट्रॉय ही मेथड मिळाली. नावावरून वाटते की ती किल्ली स्मृतीतून पुसून टाकते. तिची मूळ अंमलबजावणी, किल्ली नष्ट करता आली नाही असा अपवाद फेकते.