गुण तेलाचा की हाताचा?

तान्ह्या बाळाला तेल लावावे की नाही, हा आपल्या घरांत प्रश्नच नसतो. वाद होतो तो खोबरेल की तिळाचे, एवढाच. अशा समजुतीची प्रयोगाने तपासणी करताना काय साधते आणि काय निसटते, याचा चांगला नमुना २००० साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडतो.

सुमारे सहा आठवड्यांची १२५ निरोगी बाळे, त्यांचे पाच गट. चार गटांना चार आठवडे मालिश केली: वनौषधींचे तेल, तिळाचे, मोहरीचे आणि खनिज तेल. पाचव्या गटाला मालिश नाही. मालिश झालेल्या बाळांची वाढ अधिक चांगली दिसली. तिळाचे तेल सरस ठरले.

खनिज तेलाचा गट ठेवला हे उत्तमच. वनस्पतिजन्य असण्याला काही वेगळा गुण आहे का, ते त्यामुळे पाहता येते. पण तेलाशिवाय मालिश केलेला गट कोठे आहे? तो नसल्याने हाताचा वाटा किती आणि तेलाचा किती, हे सांगता येत नाही. (कोरड्या हाताने कोवळी त्वचा चोळणे बरे नव्हे, ही अडचण खरी, पण अडचण म्हणजे उत्तर नव्हे.) शिवाय गटामागे सरासरी २५ बाळे आणि मोजमापे अनेक. त्यांत एखादे तेल योगायोगानेही पुढे दिसू शकते. मोहरीचा वासही लपत नाही! नववी-दहावीच्या वर्गाला या प्रयोगाची आखणी सुधारायला सांगून पाहावे, तास रंगेल.

तेल निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. ढाक्यात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल लावले, तेव्हा रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळला ('लॅन्सेट', २००५). हे काम त्वचेवरचे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा जंतूंना नीट अडवू शकत नाही, तिथे तेलाचा थर मदत करतो.

'तेल हाडांत मुरते' याला मात्र आधार नाही. तेलाचे मोठे रेणू त्वचेच्या अगदी वरच्या थरातच अडतात. कापराचा रेणू लहान असतो, तो आत शिरतो आणि तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. तेलात कापूर घालून ते बाळाच्या छातीला चोळण्याची पद्धत म्हणूनच बंद करायला हवी.